पडला का तिकडे?

अण्णांना कुठूनही फोन केला तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पडला का तिकडे?" मी पुण्याला नणंदेकडे असो नाहीतर लेकाच्या परीक्षेसाठी दिल्लीला, आधी हे, मग तब्येत. काय पडला, ते आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. मी "पडला" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "किती?"

निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग होती. अंगणात तुळशीपासून दोन हात लांब, उभ्या कडांचा एक पत्र्याचा डबा कायम ठेवलेला असायचा. पाऊस थांबला की अण्णा माझ्याकडे शाळेतली फूटपट्टी मागायचे, डब्यात उभी धरायचे आणि आलेला आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. डब्यात एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. चौरस मीटरला एक लिटर, एकराला चार हजार लिटर. हे गणित मला पाढ्यांच्या बरोबरीनं पाठ झालं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, तीत काढणीला आलेली आमची बाग गेली. पुढच्या वर्षी अण्णांनी वेली मुळासकट काढल्या, मांडवाचे अँगल आणि तारा विकल्या आणि त्या रानात सोयाबीन, मका घ्यायला लागले. त्यानंतर त्यांच्या तोंडून 'बाग' हा शब्द मी ऐकलेला नाही. पाऊस मात्र विचारतात.

ऑक्टोबरातल्या सायकलवारीबद्दल लिहायला बसले आणि पहिल्यांदा हा डबाच डोळ्यांपुढे आला.

आम्ही पाच जण. मास्तर माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. रस्ते, अंतरं, चढ-उतार सगळं त्यांच्या वहीत. आबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट, सायकल त्याहून थोडी तरुण. माझी शाळेपासूनची मैत्रीण, जिच्यामुळे मी चाळिशीत सायकलवर बसले. आणि बारक्या, सव्वीस वर्षांचा, आमच्यात सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात अधीर. नाशिकमध्ये असे गट गल्लोगल्ली आहेत. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीनं पुरी केली, तेव्हापासून पहाटे गंगापूर रोडला हेल्मेट घातलेली माणसं दिसणं या गावाच्या अंगवळणी पडलं. आषाढीला पंढरपूरची सायकलवारी निघते, ती वेगळीच. आमच्यापैकी कुणाला शर्यत करायची नव्हती. दोन दिवस, दोनशेच्या आतबाहेर किलोमीटर, एवढंच मनात होतं.

मास्तरांनी आखलेला रस्ता असा: नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव करत सापुताऱ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी उतरून सुरगाणा, बाऱ्हे, तिथून पेठ रस्त्याला लागायचं आणि सावळघाटातून घरी. हा रस्ता मला नकाशावर बघूनच आवडला होता, कारण तो द्राक्षात सुरू होतो आणि भातात शिरतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, नाशिक म्हणजे एक गाव, एक हवा. प्रत्यक्षात या जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि येवला-नांदगावकडे पाचशे झाला तरी लोक समाधान मानतात. सह्याद्रीची धार ओलांडून ढग पूर्वेला आला की दर दहा मैलांवर रिता होत जातो. सायकलवर हे अंगाला कळतं. गाडीच्या काचेआड बसून ते कळायला मार्ग नाही.

कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते. सप्तशृंगी गडावर कावडी घेऊन गेलेले लोक परतून गेले होते, रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी घातलेले मांडव अजून तसेच होते. पाऊस परतल्याचं जाहीर होऊन आठवडा उलटला होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी जिल्ह्याला यलो अलर्ट आला. विजांसह तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस. पंधरा तालुक्यांत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमकं कुणाच्या डोक्यावर, हे कसं ठरवायचं? मास्तर म्हणाले, शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघू, दुपारी आकाश बघून ठरवू. बारक्या म्हणाला, पाऊस आला तर उलट मजा येईल, किती दिवसांत पावसात राइड झालेली नाही.

मीही हो म्हटलं. मलाही पावसातली सायकल आवडते. जुलैत त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरीवरून खाली येणाऱ्या ढगात शिरलं की मी मोठ्यानं गाणी म्हणते, हे माझ्या मित्रांना माहीत आहे.

बाराच्या सुमारास दिंडोरी नाक्यावरून निघालो. म्हसरूळला चामरलेण्यांचा डोंगर डाव्या अंगाला राहिला आणि शहर सुटलं. ऊन इतकं कडक होतं की रस्त्यावरच्या हवेला लाटा येत होत्या. त्याचंच मला आत कुठेतरी वाईट वाटत होतं. ऑक्टोबरात जमीन अशी तापली, हवेत ओल शिल्लक असली, की दुपारनंतर तो दमट ताप वर चढतो आणि तासाभरात ढगाचा मनोरा उभा राहतो. लहानपणी आई म्हणायची, आज ऊन चावतंय, संध्याकाळचं काही खरं नाही. दिंडोरीत आम्ही उसाचा रस प्यायलो, बाटल्या भरल्या, इलेक्ट्रॉल टाकलं. तोवर उत्तरेला, सातमाळ्याच्या रांगेवर, पांढरे गड्डे दिसायला लागले होते. त्यांची बुडं काळी होती.

कादवेचा पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या. या दिवसांत द्राक्षबाग बघायला फार कुणी येत नाही. फळ नसतं, मांडव हिरवा नसतो. छाटणी झालेल्या उघड्या काड्या, त्यांवर नुकते फुटलेले पोपटी कोंब, आणि ओळींच्या मधे छाटलेल्या काड्यांचे ढीग. मैत्रीण शेजारून चालवत होती. ती म्हणाली, "किती उदास दिसतं ना हे?" मी तिला सांगितलं, वर्षाचा सगळा माल आत्ता त्या कोंबांत ठरतोय. छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांत कोंबातून जो बारीक, ज्वारीच्या कणसाच्या पिल्लासारखा घड डोकावतो, तोच पुढे फेब्रुवारीत पेटीत भरला जातो. या दिवसांत उजेड कमी पडला, पाऊस लागून राहिला, तर वेल तो घड आत ओढून घेते, त्याची नुसती बाळी होते, तार धरायला लागते ती. त्याला घड जिरणं म्हणतात. एवढं बोलून मी गप्प झाले. दहा वर्षांत मी हे शब्द उच्चारले नव्हते आणि ते जिभेवर जसेच्या तसे होते.

ओझरखेड धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा साडेतीन वाजले होते. पाण्याचा रंग शिशासारखा झालेला. समोरून थंड वाऱ्याचा एक झोत आला. सायकल चालवणाऱ्याला या झोताची खूण पटलेली असते: पाऊस पाच-सात मिनिटांवर आहे. आबांनी हात वर करून थांबायची खूण केली. बारक्या दोनशे मीटर पुढे होता, त्याला ऐकू गेलं नाही किंवा त्यानं ऐकलं नाही. तेवढ्यात पहिली वीज कडाडली. मास्तर मोठ्यानं आकडे मोजायला लागले, "एक, दोन, तीन..." नऊला गडगडाट आला. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज तीन किलोमीटरवर. फोनवर दामिनी ॲपचा भोंगा वाजत होता, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेलं आहे ते. त्याच्या नकाशावर आमचा ठिपका लाल वर्तुळाच्या आत होता.

कडेला आंब्याची मोठी झाडं होती आणि माणूस पावसात आपसूक झाडाकडेच वळतो. आबा ओरडले, "झाडाखाली नाही!" रस्त्यापासून आत एका बागेच्या कडेला पक्कं घर आणि त्याला लागून सिमेंटच्या छताची मोठी पडवी दिसत होती. आम्ही सायकली हातात धरून चिखलाच्या बांधावरून पळत सुटलो. बारक्या मागे वळून आला तोवर पाऊस कोसळायला सुरुवात झाली होती.

पडवीत एक आजी चौरंगावर बसून कांद्याचं रोप बांधत होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या की आत, भिजताय कशाला." जागा करून देण्यासाठी त्या सरकल्यासुद्धा.

पुढची दहा मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. बारक्यानं हेल्मेट काढलं, पडवीच्या कडेला जाऊन हात पसरले आणि आनंदानं हाळी दिली. मैत्रिणीनं फोन काढून त्याचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. खरंच, दिसायला ते दृश्य फार सुंदर होतं. धरणावरून सरकत येणारी पावसाची भिंत, मातीचा तो पहिला वास, आणि मागे अहिवंताच्या डोंगरावर एक उन्हाची तिरीप. माझ्याही तोंडून "वा" निघत होतं. तेवढ्यात घरातून एक माणूस बाहेर आला, चाळिशीचा असेल. पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिला. आमच्याकडे बघून त्यानं हसून मान हलवली, पाहुण्याकडे बघून हसतात तसं, आणि मग बागेकडे बघत राहिला. त्याच्या मागून त्याची बायको आली, तीही तशीच उभी राहिली. दोघांत एक शब्द नाही. आमच्या घरच्या ओट्यावर अण्णा आणि आई असेच उभे असायचे. मी त्यांच्या पाठी बघत मोठी झाले आहे.

मी बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हळूच म्हटलं, "ओरडू नकोस." त्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे. त्याला काय कळलं ते मला ठाऊक नाही, पण तो मागे येऊन भिंतीशी बसला. मैत्रिणीनं फोन पिशवीत टाकला.

मी त्या माणसाजवळ गेले आणि विचारलं, "छाटणी कधीची, दादा?"

त्यानं चटकन मान वळवली. "एकोणीस दिवस झाले. आजचा एकोणिसावा." मग जरा थांबून, "तुमची बाग आहे का?"

"होती. निफाडकडं."

'होती' या शब्दावर तो काही बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, "आत या ताई, चहा टाकते." आणि मग आम्ही दोघं बोलत राहिलो. अडीच एकर, थॉमसन जातीची द्राक्षं. घड नुकते दिसायला लागलेले. गेल्या चार दिवसांत रोज ढग. डावणीची, म्हणजे पानांवरच्या बुरशीची, पहिली फवारणी झालेली, ती या पावसानं धुऊन निघणार. पानं रात्रभर ओली राहिली तर डावणी सकाळपर्यंत शिरते, म्हणून पाऊस थांबला की लगेच औषध फवारणारा ब्लोअर घालायचा. पण काळी जमीन, वाफसा नाही, ट्रॅक्टर आत जाईल की रुतेल याची खात्री नाही. हे सगळं त्यानं एका सुरात सांगितलं, तक्रार नव्हती त्यात.

पावसाला सुरुवात होताना मी एक गोष्ट न ठरवता केली होती. आबांचा पोह्यांचा स्टीलचा डबा रिकामा झाला होता. उभ्या कडांचा. तो मी पडवीबाहेर मोकळ्या अंगणात एका विटेवर ठेवून आले होते. पाच वाजता पाऊस थांबला तेव्हा मास्तरांच्या कंपासपेटीतली पट्टी मागितली आणि त्यात उभी धरली. तेवीस. मी म्हटलं, "तेवीस मिलिमीटर." अडीच एकरावर सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी, दीड तासात. त्या दादांनी आकडा दोनदा म्हणून बघितला, आणि आजींनी विचारलं, "गारा नव्हत्या ना गं?" नव्हत्या.

ट्रॅक्टर रुतलाच. बागेच्या तोंडाशीच, पहिल्या ओळीत शिरताना मागचं डावं चाक निम्मं खाली गेलं. औषधाची टाकी भरलेली, वजन चारशे किलोच्या वर. दादांनी उतरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. शेजारच्या वस्तीवरच्या माणसांना बोलवायचं तर त्यांच्याही बागा होत्याच, तेही याच गडबडीत. आबा काही न बोलता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. मग आम्ही सगळेच. छाटलेल्या काड्यांचे भारे आणून चाकाखाली कोंबले, गोणपाट घातलं, त्यावर दोन फळ्या. बारक्या आणि मास्तर मागून, आम्ही दोघी बाजूनं. पहिल्या वेळेला चाक तिथंच फिरलं आणि चिखलाचा सपकारा सगळ्यांच्या तोंडावर आला. दुसऱ्यांदा काड्या मोडल्या. मास्तरांनी थांबवलं, चाकापुढची माती फावड्यानं तिरकी कापायला सांगितली, चढ कमी करून. तिसऱ्या वेळेला ट्रॅक्टर हुंकार देत वर आला आणि बारक्या पालथा पडला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पावसात ओरडतानाच्या आनंदाहून वेगळा होता. मी तो नीट बघून ठेवला आहे.

तोवर अंधारलं. सापुतारा अजून चाळीस किलोमीटरच्या आसपास, ओला घाटरस्ता, वर विजा चमकतच होत्या. आबांच्या सायकलला जुने रिमचे ब्रेक; रिम ओली झाली की ब्रेक दाबल्यावर सायकल आधी विचार करते, मग थांबते. मास्तर वही उघडून बसले, पण आजींनी प्रश्नच ठेवला नाही. "रात्रीचं कुठं जाता? इथंच पडा." वहिनींनी बाजरीच्या भाकरी टाकल्या, मुगाचं पिठलं, कांदा, शेंगदाण्याची चटणी. सापुताऱ्याच्या हॉटेलला बारक्यानं फोन करून येत नसल्याचं कळवलं. त्याला वाईट वाटलं होतं. सापुताऱ्याचं तळं बघायचं त्याच्या मनात कितीतरी दिवस होतं. पण तो काही बोलला नाही, आजींना रोपाच्या जुड्या बांधून देत बसला.

रात्री पडवीत अंथरुणं घातली. ब्लोअरचा आवाज चालू होता. जवळ येणारा, ओळीच्या टोकाला वळताना बदलणारा, लांब जाणारा. मधेमधे हेडलाइटचा झोत छतावरून फिरायचा. माझे मित्र केव्हाच झोपले. मला झोप येत नव्हती असं नाही, मला तो आवाज सोडवत नव्हता. लहानपणी या आवाजावर मी झोपायचे. तो बंद झाला की जाग यायची, कारण मग अण्णा घरात यायचे, हातपाय धुताना बादलीचा आवाज व्हायचा आणि औषधाचा उग्र वास घरभर पसरायचा. साडेअकराला ब्लोअर थांबला. बादली वाजली. तोच वास आला. मी तोंडावर पांघरूण घेतलं आणि कितीतरी वर्षांनी त्या बागेसाठी रडले. २०१४ साली मी रडले नव्हते, तेव्हा अण्णांकडे बघायचं होतं.

सकाळी निघताना मास्तरांनी पैशांचं पाकीट काढलं तर दादा रागावले. आबांनी मग पोह्यांचा डबा आजींच्या हातात दिला. "हा अंगणात ठेवा. पाऊस मोजायला." आजी हसल्या. वहिनींनी माझा फोन नंबर घेतला.

दुसऱ्या दिवसाचं थोडक्यात सांगते. वणी सोडल्यावर रस्ता डोंगरात शिरतो आणि बागा हळूहळू संपतात. धुकं इतकं होतं की पुढच्याचा लाल दिवाच फक्त दिसायचा. आम्ही एकमेकांपासून दोन सायकलींचं अंतर ठेवून, घंटी वाजवत चाललो. चाकांमधली हवा थोडी कमी केली होती, ओल्या डांबरावर पकड राहावी म्हणून. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, या दोन्हींवर सायकल सरकते, तिथे वळायचं नाही, ब्रेक लावायचा नाही. बोरगावला पोचलो तेव्हा हतगड ढगात होता आणि सापुतारा त्याच्या पलीकडे, दिसतच नव्हता. बारक्या तिकडे बघत पाच मिनिटं उभा राहिला. मास्तर म्हणाले, "डिसेंबरात येऊ, इथं स्ट्रॉबेरी निघते तेव्हा." आणि आम्ही सुरगाण्याच्या रस्त्याला लागलो.

इथून पुढचा मुलूख वेगळा. उतारावर खुरासणी फुललेली, पिवळीधमक, धुक्यातही उठून दिसणारी. खाली खाचरांत भात. पूर्वेचं पाणी गोदावरीला जातं, आणि इथलं नार-पार नद्यांतून पश्चिमेला गुजरातेत. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये याच सुरगाणा-पेठेत बायका हंडे घेऊन दरीत उतरतात, कारण पडलेलं पाणी कातळावरून निघून जातं. आत्ता मात्र सगळीकडे पाणीच पाणी होतं, आणि तेच नको होतं. भात कापून खाचरात पसरलेलं, वाळण्यासाठी. रात्रीच्या पावसात ते तसंच पाण्यात पडलं होतं. एका खाचरात नवरा-बायको आणि दोन मुलं कापलेल्या भाताचे ओले पेंडे उचलून बांधावर आणत होती. आम्ही थांबलो. बाई म्हणाली, भिजलेला दाणा दोन दिवस असाच राहिला तर त्याला मोड येतात, मग तो ना घरच्याला ना बाजाराला. ती बोलत असताना हात थांबले नव्हते. बारक्यानं सायकल आडवी टाकली आणि पेंडे उचलायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही अर्धा-पाऊण तास होतो तिथे. नंतर तिनं आम्हाला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी दिली. चटणीचा तो कडवट, तेलकट स्वाद अजून आठवतो.

मनात एक गोष्ट घर करून बसली होती, ती मी मैत्रिणीला बोलून दाखवली. काल तिकडे आणि आज इकडे, दोन्ही ठिकाणी पीक नेमकं अशा टप्प्यावर होतं की एका सरीनं वर्ष फिरेल. तिकडे जन्मणारा घड, इकडे पिकलेला दाणा. आणि आम्ही 'हवामान मस्त आहे' म्हणत सायकली काढतो. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पावसात आनंद होणं काही पाप नाही, जुलैत मी पुन्हा गाणी म्हणणारच आहे. पण ऑक्टोबरातला पाऊस आणि जुलैतला पाऊस मला एकाच शब्दानं हाक मारायला जड जातं. घरी त्याला वेगवेगळी नावं होती. मृगाचा, आर्द्रेचा, हस्ताचा. हत्तीच्या पावसाची वाट बघितली जायची, आणि स्वातीचा द्राक्षवाल्याला नको असायचा. शहरात आल्यावर माझ्याकडे फक्त 'पाऊस' उरला होता.

सावळघाटात संध्याकाळी चारला पुन्हा गाठलं आम्हाला. या वेळी विजेनंतर पाचलाच गडगडाट. जिल्हा परिषदेच्या एका शाळेचा व्हरांडा सापडला, स्लॅबचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा मास्तरांचा नियम, आणि दर वेळी अर्धा तास भरत आला की लांब कुठेतरी गुरगुर व्हायची आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. आबांच्या पिंढरीत पेटके येत होते. ते कबूल करत नव्हते, पण पाय लांब करून भिंतीला दाबून बसले होते. मैत्रिणीनं त्यांच्या पायाला तेल चोळलं. साडेपाचला नाशिकला भाजी घेऊन निघालेला एक पिकअप थांबला. आबांनी सायकल वर चढवायला नकार दिला. "पंचवीसेक किलोमीटरसाठी? माझं नाक कापता का?" मास्तर त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही एकटे नाही चढणार. सगळे चढणार." बारक्यानं सर्वात आधी आपली सायकल उचलून गाडीत ठेवली. ज्याला सर्वांत जास्त पुढे जायचं असतं, त्यानं. मग आबा उठले.

मेथीच्या जुड्यांवर बसून आम्ही नाशिकला आलो. रामशेजचा डोंगर अंधारात गेला, शहराचे दिवे दिसायला लागले. पेठ नाक्यावर पाऊसच नव्हता. रस्ते कोरडे, लोक आइसक्रीम खात उभे. माझी चिखलानं भरलेली पावलं बघून एका मुलीनं आईला विचारलं, "या कुठं गेल्या होत्या?"

घरी पोचल्यावर अण्णांना फोन केला.

"पडला का तिकडे?"

"पडला. वणीकडं काल. तेवीस."

"तेवीस?" थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. त्यांना वाटलं असणार, ही आकडा कुठून सांगते. मी डब्याचं सांगितलं. पडवीचं, ट्रॅक्टरचं, काड्यांच्या भाऱ्यांचं. ब्लोअर किती वाजता थांबला तेही. रडल्याचं सांगितलं नाही.

नोव्हेंबराच्या मधे वहिनींचा फोन आला. निम्म्या वेलींचे घड जिरले होते. उरलेल्या निम्म्यांवर आता मेहनत घेतोय, म्हणाल्या. पाठोपाठ, "डब्यात परवा चार आलं," असंही सांगितलं. त्यांच्या आवाजात थकवा होता आणि त्यांना मला हे सांगावंसं वाटलं, याचं मला फार मोल आहे.

त्या संध्याकाळी अण्णांना निफाडला भेटायला गेले होते. ओट्यावर बसलो होतो. वहिनींचा फोन आल्याचं त्यांना सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. समोरच्या मक्याच्या रानाकडे बघत राहिले. आईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मग मान न वळवता ते म्हणाले, "छाटणी कधीची म्हणालीस त्यांची?"

"एकोणीस दिवसांची होती. पाऊस पडला त्या दिवशी."

"एकोणीस," अण्णा म्हणाले. "नंबर आहे का त्यांचा? लाव जरा."